सालाखालचा चौथा ठिपका

१

तिसऱ्या ट्रेच्या आठव्या खाचेतला रुपया हेमंत सरांनी भिंगाखाली धरला, त्यावरच्या '१८६२' ह्या सालाखालचे ठिपके मोजले, पुन्हा मोजले आणि भिंग मोनालीच्या हातात दिलं.

"तू मोज."

मोनालीने मोजले. "तीन."

"चार पाहिजेत."

"हो सर. चार पाहिजेत."

बाहेर गाडी उभी होती. सौसरहून नागपूरला निघायची वेळ झाली होती. नाणेसंग्राहकांच्या सभेत दुपारी सर आपला निबंध वाचणार होते, आणि निबंध होता तो ह्याच खाचेतल्या रुपयावर. पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. कपाळावर घाम आला तरी आवाज वर्गात असतो तसाच.

"म्हणजे बदललाय कोणीतरी," सर म्हणाले. "हा आपला नाही."

सरांचा मुलगा सौरभ दारात गाडीची किल्ली फिरवत उभा होता. नागपूरला नोकरी, सुट्टीला गावी. आई जाऊन दीड महिना झाला होता, त्यामुळे सध्या जरा जास्तच चकरा. त्याने आत येऊन आलमारीचं कुलूप पाहिलं. कुलूप धड होतं.

"बाबा, एक किल्ली तुमच्या कमरेला. दुसरी कुठे असते?"

"तुझ्या आईच्या शिलाई मशीनच्या खणात."

"आणि आई झोपून होती तेव्हा दीड वर्ष घरात दिवसभर कोण होतं?"

त्याच वेळी शोभाबाई चहाचे कप घेऊन आत आली. मोनालीची आई. ह्या घरी पंधरा वर्षं कामाला. सौरभच्या आईचं, अनुराधा काकूंचं, आजारपण तिनेच काढलं, उठवण्या-बसवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं.

"शोभाबाई," सर म्हणाले, "ह्या आलमारीतला एक रुपया कोणीतरी बदलला. तुम्हाला काही माहीत आहे?"

शोभाबाईने ट्रेकडे पाहिलं. मग सरांकडे. कप टेबलावर ठेवले, बशीत सांडलेला चहा पदराने पुसला.

"मी चोरी नाई केली, सर."

"मग कोणी केली?"

ती टेबलावरचे कप सरळ करत राहिली.

"बोला ना," सौरभ म्हणाला. "माहीत नाही, असं तरी म्हणा."

तेही ती म्हणाली नाही. नागपूरची गाडी त्या दिवशी निघाली नाही. "सोमवारपर्यंत वाट पाहतो," सौरभ म्हणाला, "मग ठाण्यात रिपोर्ट देतो. शोभाबाई, तोवर कामाला येऊ नका." सरांनी मुलाला अडवलं नाही. तो बदललेला रुपया तेवढा कागदात गुंडाळून मोनालीच्या हातात दिला.

"तू घेऊन जा. काय तपासायचं ते तपास. तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे."

आई दाराशी चपला शोधत होती. तिला ते ऐकू गेलं.

२

मोनाली गजभिये रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, सौसरच्या एका खासगी शाळेत शिकवणारी. नाण्यांचं वेड सरांनीच लावलं. आठवीत असताना ती आईबरोबर ह्या घरी यायची, आणि आई धुणं धूत असताना सर तिला भिंग देऊन म्हणायचे, सांग, ह्या दोघांत फरक काय?

१८६२ चा रुपया त्यांचा लाडका. त्याचं कारण असं, की त्या रुपयावरचं साल टांकसाळीने पुढे बारा वर्षं बदललंच नाही. १८७० मध्ये पाडलेल्या रुपयावरसुद्धा १८६२ च. मुंबईच्या टांकसाळीने खरं साल कळावं म्हणून बारीक ठिपके टाकले, काही वरच्या फुलाखाली, काही सालाच्या खाली. ज्याला ठाऊक नाही त्याला सगळे रुपये एकसारखे. ज्याला ठाऊक आहे तो ठिपके मोजतो.

सरांच्या रुपयावर सालाखाली चार ठिपके होते, आणि चौथा ओळ सोडून केसभर वर सरकलेला. असा सरकलेला ठिपका सरांनी दुसऱ्या कुठल्या नाण्यावर पाहिला नव्हता, कुठल्या यादीत वाचला नव्हता. 'माझी एवढीच एक भर,' ते म्हणायचे. मार्च महिन्यात मोनालीने सगळ्या ट्रेंचे जवळून फोटो काढले, तेव्हा तो तिने स्वतः पाहिला होता. म्हणजे बदल झाला तो मार्चनंतर.

घरी आल्यावर आईने भाकरी टाकल्या. मोनाली चुलीजवळ बसली.

"आई, तुले माहीत हाय ना कोणी केलं?"

"जेव."

"सौरभदादा पोलिसात जाऊन राहिला. अख्ख्या मोहल्ल्यात नाव होईन तुव्हं."

"होऊ दे."

"काहून होऊ दे? तू नाई केलं तं सांगून टाक न!"

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "मोना, मी चोरी नाई केली, येवढं मी बोलली. त्याच्यापुढचं बोलणं माह्यं नाई."

आई खोटं बोलत नाही, हे मोनालीला माहीत होतं. खोटं बोलता येत नाही म्हणून ती 'माहीत नाही' असंही म्हणाली नव्हती. तिला माहीत होतं. आणि ज्या कोणाला ती सांभाळत होती, त्या माणसासाठी ती चोर म्हणवून घ्यायला तयार होती.

कोणासाठी? मोनालीच्या मनात एकच माणूस आलं. त्या घराच्या किल्ल्या, खाचा, ठिपके सगळं ठाऊक असलेलं, आई ज्याच्यासाठी जीव टाकेल असं माणूस म्हणजे ती स्वतः. आईला वाटत तर नसेल, की हे मोनालीने केलं?

३

"अबे, मी कशाले चोरीन यार!"

पांढुर्ण्याला स्टेशनरोडवर ऋषिकेशचं चांदीचं दुकान. जोडवी, पैंजण, आणि काचेखाली जुनी नाणी. सरांचाच विद्यार्थी, मोनालीपेक्षा दहा वर्षांनी मोठा. सरांच्या चार ठिपक्यांच्या रुपयासाठी तो तीन वर्षं मागे लागला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मागितला तर होतास ना."

"मागितला. दहादा मागितला. सर म्हणे, मी मेल्यावर ये." त्याने तळहातावर तंबाखू घेतली. "काकू गेल्या तेव्हा तेराव्याला गेलो, तर सर काय म्हणाले माहीत आहे? ऋष्या, अजून जिवंत आहे मी. अन् हसले. मले रडू आलं, खोटं नाही सांगत."

"शेवटचा त्या खोलीत कधी गेला होतास?"

"होळीले. तू फोटो काढून राहिली होती तवा. तुह्यासमोर बसलो होतो न मी." त्याने हात पुढे केला. "तो बदललेला दाखव बरं."

मोनालीने कागद उलगडला. ऋषिकेशने रुपया प्रकाशाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"हे चोराचं काम नाही. पाहा, मी जर बदलला असता ना, तर दिसायले झकास ठेवला असता. सरांची नजर पहिल्या झटक्यात अडकू नये. हा तर पार घासून गुळगुळीत झालेला. राणीचे केस गेले. कोण ठेवीन असा?"

"मग कोणी ठेवला?"

"ज्याच्याजवळ १८६२ चा हाच एक होता, त्याने." त्याने अक्षरांच्या फटीत नख घातलं. "अन् हा पूजेतला आहे. दिवाळीनंतर रोज चार येतात माझ्याकडे असे. घासून घासून गेलेले, फटीत हळद."

"हळद आहे कशावरून? चांदीवर पिवळा डाग तसाही पडतो."

"आता तू मास्तरीण. मी काय सांगू!"

"तुझी चुन्याची डबी दे."

ऋषिकेशने तंबाखूची डबी पुढे सरकवली. मोनालीने टाचणीने अक्षरांच्या खोबणीतला पिवळट मळ कागदावर काढला, पाण्याचा थेंब टाकला आणि चुन्याचं बोट लावलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. शाळेत सहावीच्या मुलांना ती हे दरवर्षी करून दाखवायची.

कागदावरचा पिवळा ठिपका विटकरी लाल झाला.

सरांच्या नाण्यांना हळद कधी लागत नाही. सर बोटाचा घामही लागू देत नाहीत. त्या घरात हळदीतला रुपया एकच होता. देवघरातल्या पितळी डबीत, अनुराधा काकूंच्या हातचा.

४

"डबी? ही काय." धनश्रीने, सौरभच्या बायकोने, देवघरातून डबी काढून दिली. "ह्या वर्षी लक्ष्मीपूजन झालंच नाही ना. सुतक होतं. कोणी उघडली नसेल."

मोनालीने झाकण काढलं. हळद लागलेला कापूस, त्यात रुपयाच्या आकाराचा गोल खळगा. रुपया नव्हता.

"अगं हो," धनश्री म्हणाली, "तो तर आई गेल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला लावला. बाया म्हणाल्या, बंदा रुपया आणा कपाळाला लावायला. कोणाला काही सुचत नव्हतं. शोभाबाईच धावत जाऊन डबी घेऊन आल्या. खरं तर मामींनी पर्समधून दहाचं नाणं काढलं होतं, पण शोभाबाई म्हणे, नाही, हाच लावा. आईंची तशी इच्छा होती."

"मग तो रुपया?"

"तो काढत नाहीत. बरोबरच गेला."

पूजेतला रुपया काकूंबरोबर जळाला असेल, तर तिच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेला हा पूजेतला रुपया कुठून आला?

सौरभ गच्चीवर फोनवर बोलत होता. तिला पाहून त्याने फोन ठेवला.

"दादा, काकूंचा शेवटचा फोटो आहे का तुमच्याकडे? कपाळाला रुपया लावल्यानंतरचा?"

"कशाला?"

"आई चोर आहे की नाही ते त्याच्यात असेल."

सौरभने फोन उघडला. काढलेल्या दिवसापासून तो फोटो त्याने पाहिला नसावा. फोन तिच्या हातात देऊन तो कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

काकूंचा चेहरा उन्हात शांत दिसत होता. कपाळावर हळदीत चिकटवलेला रुपया. राणीचा चेहरा आतल्या बाजूला, साल बाहेर. मोनालीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. कपाळ मोठं झालं, सुरकुत्या मोठ्या झाल्या. एक, आठ, सहा, दोन. त्याखाली ठिपके. एक. दोन. तीन. आणि एक केसभर वर.

ती मोजत होती ते काकूंचं कपाळ होतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ह्याच कपाळाला नमस्कारासाठी वाकताना तिचं डोकं आपटलं होतं आणि काकू हसल्या होत्या.

"काय दिसतंय?" सौरभने पाठमोरंच विचारलं.

"चार ठिपके," मोनाली म्हणाली. "तुमचा हरवलेला रुपया काकूंच्या कपाळावर आहे."

सौरभ वळला. "आणि डबी कोणी आणून दिली होती? तुझ्या आईनेच ना?"

५

रविवारभर मोनाली लॅपटॉपसमोर बसून होती. सरांच्या नोंदवहीची सगळी पानं तिने मार्चमध्येच फोटो काढून ठेवली होती. सरांची शिस्त अशी, की संग्रहात आलेलं प्रत्येक नाणं तारखेसह, वजनासह, कुठून आलं ह्यासह लिहायचं. गेलेलंही तसंच. नोंद नसलेलं नाणं म्हणजे दगड, असं ते म्हणायचे.

चार ठिपक्यांच्या रुपयाची ओळ तिला पाठ होती. '८ नोव्हेंबर १९९१. पांढुर्णा बाजार, जुन्या चांदीची मोड विकणाऱ्याकडून. वजन ११.५८.'

आज तिने पहिल्यांदा त्याच्या वरची ओळ वाचली.

'८ नोव्हेंबर १९९१. रुपया १८६२, तीन ठिपके. वजन ११.४७. कडेला सालाच्या बरोबर खाली बारीक खाच. दिला.'

तिने पर्समधला रुपया काढला. कडेला, सालाच्या बरोबर खाली, नखाला लागेल एवढी खाच. शाळेच्या काट्यावर तिने काल त्याचं वजन केलं होतं: ११.४१. तेहतीस वर्षं दर दिवाळीला चिंचेने घासलेल्या चांदीचं सहा सेंटिग्रॅम कमी होणं काही जास्त नाही.

म्हणजे हा रुपया परका नव्हताच. तो सरांच्याच संग्रहातून १९९१ मध्ये गेला होता. त्याच दिवशी चार ठिपक्यांचा आला होता. एक दिला, एक घेतला. कोणाला दिला, ते सरांनी लिहिलं नव्हतं. एवढ्या जाड वहीत 'दिला' च्या पुढे नाव नसलेली ही एकच ओळ.

तिने त्या वर्षाचं पंचांग शोधलं. लक्ष्मीपूजन पाच नोव्हेंबरला होतं. तीन दिवस आधी.

मग तिने मार्चमधला चार ठिपक्यांचा फोटो उघडला आणि राणीच्या मुकुटाच्या फटी मोठ्या केल्या. पिवळं. तेव्हा तिने नोंदीत लिहिलं होतं, 'जुनेपणाची झाक'. झाक कसली. हळद होती ती, आणि एका फटीत कुंकवाचा कण.

बाजारातून आणलेला नव्हता तो रुपया. देवघरातून उचललेला होता.

मोनालीने लॅपटॉप बंद केला. आठवीपासून ज्या माणसाने तिला पाहायला शिकवलं, त्याच्या हातचं खोटं तिने आज पाहिलं होतं.

६

त्या संध्याकाळी आई कामावर होती. दुसरं काम मिळालं होतं, लोधीखेड्याच्या रस्त्याला संत्र्याच्या गोदामात फळं निवडायचं. वीस-पंचवीस बायका ढिगाभोवती बसल्या होत्या. मोनालीला पाहून दोघी-तिघी कुजबुजल्या. सौसर लहान गाव आहे.

"आई, बाहेर ये."

"फळं व्हाय दे."

"काकूंनी स्वतः बदलला ना रुपया?"

आईच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. मग तिने ते बारक्या फळांच्या टोपलीत टाकलं, उठली आणि गोदामाच्या मागे, खोक्यांच्या फळ्या रचलेल्या होत्या तिथे गेली.

"कोणं सांगतलं तुले?"

"रुपयानं."

आई फळ्यांवर बसली.

"तो रुपया बाईच्या आईचा होता. मोहगावचा. चौघी बहिणी, बाई सर्वात धाकट्या. त्याइची आई दिवाळीले रुपया धुतानी पोरीइले दाखवे, हे पाहा, चार ठिपके म्हंजे तुम्ही चौघी. अन् हा वर उडी मारून राहिला ना, हे माही अनू. लग्नात आईनं तोच देला. दुसरं देयाले काही नोतंच."

मोनाली उभीच होती. सरांनी भिंगाखाली शोधून काढलेला, कुठल्या यादीत नसलेला तो ठिपका मोहगावच्या चार पोरींना लहानपणापासून माहीत होता.

"एका दिवाळीले बाईनं रुपया धुवाले घेतला तं तीनच. एक बहीण कमी. बाई म्हणे, शोभा, माह्या हातातून तांब्या पडला. त्याइले तवाच समजलं, कोणं घेतला ते."

"अन् काही म्हटलं नाही? तेहतीस वर्षं?"

"मी बी इचारलं, मागितला काहून नाई. म्हणे, मागितला असता तं त्याइनं देला असता. पण मंग तो त्याइनं देलेला रुपया झाला असता. माह्या आईनं देलेला नसता राह्यला." आईने पदराने तोंड पुसलं. "बाई वाट पाहे. आज म्हणतीन, उद्या म्हणतीन, का अनुराधा, मी तुवा रुपया घेतला होता. हे एवढ्या दिवाळ्या तो तीन ठिपक्याचा घासत राहिली. पोळ्याच्या दिवशी सर पांढुर्ण्याले गेले होते. मले म्हणे, धर मले, उठव. चार पावलं चालणं होत नोतं, तरी त्या आलमारीपर्यंत गेल्या. मशीनीतून किल्ली मीच काढून देली. इकडचा तिकडं ठेवला, तिकडचा डबीत. अन् माह्याजवळून वचन घेतलं. म्हणे, कपाळाले हाच लावजो. अन् त्याइले सांगू नको. सांगण्यासारखं असतं तं मीच सांगतलं असतं."

गोदामातून कोणीतरी हाक मारली. आई उठली.

"म्हणून मी नाई बोलली. आता तू बी बोलू नको."

"तुला चोर म्हणून राहिले आई!"

"म्हणू दे. मेलेल्या माणसाचं बोलणं हाय ते."

"मी तुझं काही सांगणार नाही. फक्त रुपयाचं सांगीन. वहीत जे आहे तेवढंच."

आईने तिच्याकडे पाहिलं. "रुपयाचं सांगणं अन् बाईचं सांगणं एकच हाय, मोना," ती म्हणाली आणि आत गेली.

७

मोनाली सोमवारी सकाळी सरांकडे गेली तेव्हा सौरभ तक्रारीचा कागद लिहून बसला होता. सर अंघोळ करून खुर्चीत, समोर उघडा ट्रे, आठवी खाच रिकामी. मोनालीने खाचेत तीन ठिपक्यांचा रुपया ठेवला, वहीचं पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"सर, हा तोच आहे. कडेची खाच जुळते, वजनही जुळतं. इथे लिहिलंय, 'दिला'. कोणाला दिला, ते लिहायचं राहिलं."

सरांनी चष्मा घातला. ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"बाबा, काय आहे?" सौरभ म्हणाला.

सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते मोनालीकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरत होतं ते पाहू नये असं तिला वाटलं. तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"तिला कळलं होतं?"

मोनाली गप्प राहिली. आईसारखीच.

"मला वाटलं, तिला काय, रुपयाला रुपया." सर हळूहळू बोलत होते, जणू कोणी लिहून घेत होतं. "लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवला होता. मी सहज भिंग लावलं. तीन दिवस झोप आली नाही. मागितला असता तर तिने हसत दिला असता. पण मागायचं म्हणजे सांगावं लागलं असतं, की तो मोठा आहे. आणि मग तो तिचा झाला असता. माझा शोध झाला नसता."

सौरभच्या हातातला कागद खाली आला होता. त्याला चार ठिपक्यांचा फोटो आठवत असावा. "बाबा, म्हणजे आईनेच... तिच्या कपाळावर तोच होता. फोटोत दिसतो."

"रामाकोन्याला," सर म्हणाले, "कन्हान नदीत राख सोडताना माझ्या हाताला काहीतरी लागलं होतं. काळं, जड, गोल. मला वाटलं, काही दागिन्याचं वितळलेलं असेल. मी चोळून पाहणार होतो. तू म्हणालास, बाबा सोडा, मागे लोक थांबलेत." त्यांनी आपला उजवा तळहात उघडून पाहिला. "मी सोडलं."

तक्रारीचा कागद सौरभने घडी केला आणि घडीची पुन्हा घडी.

सर उठले. "शोभाबाई कुठे आहेत?"

८

गोदामात सर आले तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकीने दुसरीला कोपर मारलं आणि ढिगाभोवतीचा कलकलाट थांबला. सर चपला बाहेर काढून, अनवाणी, सालं आणि पेंढा पडलेल्या फरशीवरून आले आणि शोभाबाईसमोर उभे राहिले. मोनाली दारात थांबली.

"मी तुम्हाला चोर समजलो," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चोरी मी केली होती. तेहतीस वर्षांपूर्वी. तुम्ही काही केलेलं नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे कोणी पुन्हा बोलणार नाही." त्यांनी हात जोडले.

शोभाबाई घाईने उठली. "हात जोडू नका, सर. बसा." एका बाईने पालथं खोकं पुढे सरकवलं. सर बसले. बाया पुन्हा निवडायला लागल्या, आता मात्र एकीचाही आवाज नव्हता.

सरांनी ढिगातलं एक संत्रं उचललं, फिरवलं, परत ठेवलं.

"शोभाबाई, ती... शेवटी माझ्यासाठी काही म्हणाली का?"

एक वाक्य. आईने एक वाक्य बोलावं. राग नव्हता म्हणावं, माफ केलं म्हणावं, काहीही म्हणावं. कोणाचं काय जाणार होतं? खोटं ठरवणारं कोणी उरलं नव्हतं. सर तोंड किंचित उघडं ठेवून वाट पाहत होते, शाळेतलं पोर निकालाच्या फळ्यापुढे उभं राहतं तसे.

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"नाई, सर," ती म्हणाली. "काही नाई म्हणाल्या."

सरांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग खोक्यावरून उठायला गेले तर उठता येईना. आईनेच हात धरून उठवलं, आणि दारापर्यंत नेऊन चपला पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

संध्याकाळी दोघी घरी चालल्या होत्या. नागपूरच्या बाजूने येणारे ट्रक दिवे लावून जात होते. मोनालीला राहवलं नाही.

"आई, एवढं एक खोटं बोलली असती तर? म्हातारा माणूस आहे. त्याच्यावरच जगला असता."

आईच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता. तिने पदराचं टोक खांद्यावरून पुढे ओढलं.

"रुपया बाईचा होता, मोना. तो त्याइनं घेतला," ती म्हणाली. "न बोलणं बी बाईचंच होतं. ते मी कसं कोणाले देऊन टाकू?"